केमिकल इंजिनिअरने ‘हेल्मेट घाला’ सांगत फिरायचं का?

नमस्कार ताई,

भांडुपहून तुम्ही लिहिलंत की मुलगी केमिकल इंजिनिअर आहे, रबाळे एमआयडीसीतल्या शाईच्या कारखान्यात दीड वर्ष प्रॉडक्शनला आहे आणि मालक आता म्हणतात, ‘सेफ्टीचं सगळं तू उभं कर.’ एवढं शिकून लोकांमागे ‘हेल्मेट घाला’ करत फिरायचं का, हा तुमचा प्रश्न.

तेवढंच काम असतं तर मीही नको म्हटलं असतं. पण शाईच्या कारखान्यात खरी भीती सॉल्व्हंटच्या, म्हणजे शाई ज्यात विरघळवतात त्या ज्वलनशील द्रवाच्या, वाफेची. ड्रममधून ते ओतताना स्थिर वीज साठते, अर्थिंग नसेल तर एक ठिणगी पुरते. तिथे हेल्मेट काय करणार? सहज पेट न घेणारं सॉल्व्हंट चालेल का, उघड्यावर ओतण्याऐवजी बंद पाइपने नेता येईल का, एक्झॉस्ट कुठे बसवायचा, हे आधी ठरतं. मास्क आणि हातमोजे सगळ्यांत शेवटी. यासाठी तिचं शिक्षणच कामाला येणार आहे.

होकार द्यावा, पण दोन गोष्टी लेखी घेऊन: तिचे अधिकार काय, आणि धोका दिसला तर काम थांबवता येईल का. कायद्याने जबाबदारी मालकाचीच असते. पण अपघात झाला की बोट कुणाकडे वळतं, हे कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा.

पोस्टरपासून सुरुवात नको. ती 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, सगळीकडे लागतातच. तिने थोडक्यात टळलेल्या घटनांची वही ठेवावी. सांगणाऱ्याचं नाव लिहू नये, आणि पहिल्या दोन-तीन नोंदींवर दुरुस्ती लगेच करून दाखवावी. नाहीतर ऑपरेटर पुन्हा तोंड उघडत नाहीत. मग वेल्डिंगला आणि टाकीत उतरण्याला परमिट, म्हणजे दर वेळी आधी लेखी परवानगी. आतली हवा तपासल्याशिवाय माणूस टाकीत जाणार नाही, मग मालकांची ऑर्डर कितीही घाईची असो. मॉक ड्रिल रात्रपाळीतही घ्यावी, कारण तेव्हा साहेब नसतात.

आता कोर्सचं. सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक सुरक्षेची वर्षभराची प्रगत पदविका आहे. सेफ्टी ऑफिसर व्हायला पदवी, अशी पदविका आणि कारखान्यातला पर्यवेक्षणाचा अनुभव, तिन्ही लागतात. शिवाय कामगारांची भाषा यावी लागते. 1948 च्या कारखाना अधिनियमात 1000 कामगार असले की हे पद सक्तीचं होतं. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो आकडा 500 वर आला, धोकादायक प्रक्रियेला 250. म्हणजे जागा वाढतील, असं मला वाटतं.

तरी नोकरी सोडून लगेच कोर्सला बसायची घाई नको. अजून वर्षभर तिथेच हे काम करू दे, आणि अनुभवाच्या दाखल्यात ‘पर्यवेक्षण’ असा स्पष्ट उल्लेख मागून घेऊ दे. मालकांचं ते अधिकारांचं पत्र मात्र काम हातात घेण्याआधीच.