बरेच महिने नोकरी नाही, शोध चालू आहे. अशा काळात उमेद कशी टिकवायची?

तुम्ही लिहिलंय की वय एकतीस, मेकॅनिकलचा डिप्लोमा, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली नोकरी जाऊन बरेच महिने झाले, सिडकोत आईवडिलांसोबत राहता. रोज जॉब पोर्टलवर अर्ज टाकता, फोन कुणाचा येत नाही, आणि आता घराबाहेर पडायचंही मन होत नाही. ‘पॉझिटिव्ह राहा’ असं जो तो सांगतो, पण राहायचं कसं ते कुणी सांगत नाही.

मी सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीत, म्हणजे मालाच्या तपासणीत, आहे. मधे एकदा कंपनीची मोठी ऑर्डर गेली, आमची लाइनच बंद झाली आणि बराच काळ मीही घरी होतो. आता मुलाखती घ्यायला टेबलाच्या पलीकडे बसतो. त्या अनुभवावरून माझं मत असं की पॉझिटिव्ह राहायच्या मागे तुम्ही लागूच नका. आज मन कसं आहे, उमेद आहे की गेली, हे दर तासाला चाचपत बसलं की ते आणखी बिघडतं. दिवसाला वेळेचं बंधन ठेवा आणि घराबाहेरच्या माणसांत जात राहा. मनाचं मागाहून बघता येतं. पहाटे पाचला उठून थंड पाण्याने आंघोळ करा सांगणारे व्हिडिओ तर बंदच करा. ते बनवणाऱ्याचा तो धंदा आहे, त्याला काम आहे.

यावर एक जुना आणि फार नेमका अभ्यास आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव एका कापड गिरणीवर जगत होतं. १९२९ नंतरच्या मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या संशोधकांनी तिथल्या लोकांचा दिवस कसा जातो ते बारकाईने टिपलं आणि १९३३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. माणसांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं. वर्गणी माफ केली होती, तरीही. पुरुष रस्त्याने हळू चालायचे, मधेच थांबून उभे राहायचे, बहुतेकांनी घड्याळ बाळगणं सोडलं होतं. सकाळपासून काय केलं असं विचारलं तर धड सांगता यायचं नाही. बायकांचं मात्र तसं नव्हतं. त्यांचीही गिरणीची मजुरी गेली होती, पण चूल, धुणं, पोरं होतीच, त्यामुळे दिवस मोडला नव्हता. शंभर वर्षं होत आली, पण सिडकोतल्या कुठल्याही टपरीवर दुपारी बारा वाजता उभे राहून पाहा, चित्र तेच आहे.

म्हणजे नोकरी जाते तेव्हा पगार जातोच, त्याबरोबर सकाळची गडबड जाते, जेवणाची सुट्टी जाते, ‘काय पाटील, काल कुठे होता?’ असं विचारणारा माणूस जातो. ते सगळं आपल्याला पगाराशिवाय परत उभं करायचं असतं. त्यासाठी घरात टेबल-खुर्ची मांडून काही होत नाही. आई भाजी निवडताना हाक मारणार, शेजारी पार्सल घ्यायला सांगणार, तुम्ही ‘तसा घरीच आहेस ना’ या खात्यात जमा. बाहेर जा. सावानात जाऊन पेपर वाचा (हे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे, तुमच्या-माझ्यासारखे किती आले आणि गेले असतील). एखादी अभ्यासिका लावली तरी चालेल. तिथली एमपीएससीची पोरं घड्याळ लावून बसतात, त्यांच्या शेजारी बसलं की आपलीही मान आपोआप खाली जाते. सकाळचे दोन-अडीच तास अर्ज, फोन आणि रेझ्युमेचे. तेवढे पुरतात. दिवसभर पोर्टल उघडून बसणं हे काम नव्हे, ती काळजी आहे.

पण सगळ्यात जास्त उपयोग मला कशाचा झाला असेल तर हंगामी कामाचा.

जानेवारी ते एप्रिल म्हणजे आपल्याकडे द्राक्षांचा हंगाम. दिंडोरी, पिंपळगाव भागातल्या पॅकहाऊसना, म्हणजे द्राक्षं निवडून निर्यातीसाठी पेट्या भरतात त्या शेडना, तेव्हा माणसं कमी पडतात. एका ओळखीच्या बागायतदाराने विचारलं, क्यूसीला, म्हणजे माल तपासायला, येतोस का. पगार आधीच्या निम्म्याहूनही कमी. घरी आईला वाटलं, इंजिनिअर मुलगा द्राक्षं निवडायला चालला. मी गेलो. निमाणी बसस्टँडवरून सकाळी टेम्पो सुटायचा आणि तो कुणासाठी थांबायचा नाही. माझ्या त्या सगळ्या काळातलं सर्वांत मोठं औषध म्हणजे तो टेम्पो.

आयुष्यभर मायक्रोमीटर आणि बोअर गेज अशी बारीक मापाची साधनं हातात, इथे मण्याचा आकार बघायला गोल भोकांची पट्टी. अठरा मिलिमीटरच्या भोकातून मणी पडला की घड युरोपच्या मालातून बाजूला. गोडी बघायला रिफ्रॅक्टोमीटर, रसाचा एक थेंब टाकायचा आणि ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, वाचायचा. लांबलचक टेबलांवर बायका कात्रीने घडातले बारके, डागी मणी काढायच्या, मग पाचशे ग्रॅमचे पनेट (प्लास्टिकचे छोटे डबे), दहा पनेटची पाच किलोची पेटी, आत बुरशी लागू नये म्हणून सल्फर डायऑक्साइडचा पॅड, पेटी थंड करायला प्री-कूलिंगला आणि तिथून रीफर (थंड) कंटेनरमध्ये न्हावाशेवा बंदराला. पहिल्याच दिवशी मी घड तळहातावर घेऊन बघत होतो, तर टेबलावरच्या एक मावशी म्हणाल्या, ‘‘साहेब, देठाला धरा. हात लागला की वरचा पांढरा थर जातो, मग गोरा साहेब घेत नाही.’’ मायक्रॉनमध्ये मोजणाऱ्या माणसाला फिनिश म्हणजे काय ते शिकवलं त्यांनी. सगळा हॉल हसला, मीही हसलो. असा मोकळा हसायची सवय घरी बसून पार गेली होती, हे त्या क्षणी लक्षात आलं.

आता यातला धंद्याचा भाग. त्या पॅकहाऊसला कंटेनर लावणाऱ्या ट्रान्सपोर्टचा एक सुपरवायझर यायचा. गाडी भरेपर्यंत चहा, गप्पा. त्याचा मेव्हणा सिन्नरला मुसळगावच्या एका कारखान्यात. ‘‘त्यांच्याकडे क्वालिटीचा माणूस सोडून गेलाय, बोलू का?’’ असं झालं ते काम. माझे जिवलग मित्र वर्षानुवर्षांचे, मनापासून झटत होते, पण त्यांना जे माहीत ते मलाही माहीत होतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये नेमकं हेच मांडलंय. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात त्याने ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं की ती सुचवणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. निम्म्याहून अधिक म्हणाले, अधूनमधून. चौथ्या हिश्शाहून थोडे जास्त म्हणाले, क्वचितच. नेहमी भेटायचा म्हणणारे जेमतेम सहावा हिस्सा. लांबच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्याकडे वेगळी बातमी असते.

म्हणूनच लपवू नका. लग्नात, दशक्रियेला, पार्किंगमध्ये ‘सध्या कुठे?’ हा प्रश्न येणारच. लोक ‘चाललंय’ म्हणून कटवतात आणि मग घरी येऊन दोन दिवस कुढतात. त्यापेक्षा उत्तर पाठ करून ठेवा: ‘‘मागची कंपनी सुटली. क्वालिटी किंवा प्रॉडक्शनमध्ये बघतोय, गोंदे-सिन्नरही चालेल. तुमच्या बघण्यात कुणी असेल तर माझा नंबर द्या.’’ बस. विचारणारा निव्वळ चौकशीखोर असेल तर तो तिथेच गप्प होतो, आणि कामाचा असेल तर खिशातून मोबाइल काढतो. रविवारची मित्रांची मिसळही सोडू नका. पैसे काढायची लाज वाटते म्हणून लोक आधी तीच बंद करतात, आणि एमआयडीसीतली अर्धी बातमी तर त्याच टेबलावर फुटते.

मुलाखतीबद्दल थोडं, कारण तुम्ही गॅपची, म्हणजे नोकरीत पडलेल्या खंडाची, भीती लिहिलीय. गॅप बघून आम्ही दचकत नाही. नाशिकमध्ये मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडर कंपन्यांच्या ऑर्डरी वरखाली होतच असतात, घरी बसलेली माणसं चांगलीही असतात हे टेबलापलीकडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उमेदवार ते कसं सांगतो ते आम्ही बघतो. ‘ऑर्डर गेली, कपात झाली, त्या काळात द्राक्षाच्या पॅकहाऊसला क्यूसी केलं, शिवाय जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या मापांच्या मर्यादा वाचायची पद्धत) पुन्हा पक्कं केलं’ असं दोन वाक्यांत सांगणारा मला चालतो. जुन्या मॅनेजरचं पुराण लावणाऱ्याचं, खरं असलं तरी, मी पाचव्या मिनिटाला ऐकणं बंद करतो. ते पुराण मित्रापाशी ओका, वहीत लिहा, इथे नको. द्राक्षांचा हंगाम नसेल तर दुसरं काही बघा. २०२७ च्या सिंहस्थाची कामं शहरभर निघालीत, तिथेही साइटवर मोजमाप कळणारा माणूस लागतो.

पोर्टलवरचे अर्ज चालू ठेवा, राज्य सरकारच्या महास्वयम् वर नोंदणी करा (पूर्वी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड असायचं, त्याचाच हा नवा अवतार), रोजगार मेळाव्यांना जा. पण आठवड्यातून एक सकाळ अंबड किंवा सातपूरच्या नाइस एरियातल्या गल्ल्या पायी फिरायला ठेवा. गेटवर ‘पाहिजेत’ची पाटी लागते ती बरेचदा नेटवर येतच नाही. वॉचमनशी नीट बोला, रेझ्युमे आत जातो की कचऱ्यात हे तोच ठरवतो. आणि रजिस्ट्रेशन फी, गणवेशाचं डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे असं काहीही मागणारा म्हणजे फसवणूक. घरबसल्या लाइक करून कमवा, हेही तेच. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.

पैशांचं झटपट सांगतो. पीएफ पूर्ण काढायची घाई करू नका. पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो, आणि पेन्शनला दहा वर्षांची नोकरी धरतात, ती खातं नव्या कंपनीत वर्ग केलं की जोडून मोजली जाते. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची आहे. पगारातून ईएसआयसी (कामगार विमा) कापली जात असेल तर ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’बद्दल त्यांच्या कार्यालयात चौकशी करा. योजना चालू असेल आणि अटींत बसलात तर सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त नव्वद दिवस मिळते. किती महिने तग धरेल ते एकदा कागदावर मांडा. आकडा वाईट निघाला तरी रात्री छताकडे बघत अंदाज करण्यापेक्षा बरा.

एक गोष्ट मात्र वेगळी. झोप पार उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्यातच अर्थ नाही असे विचार येत असतील तर हे टेम्पो आणि मिसळ वगैरे पुरणार नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आजच लावा.

राहता राहिले घरचे. दर संध्याकाळी ‘झालं का काही?’ हा प्रश्न ते काळजीने विचारतात, पण आपल्याला तो हजेरीसारखा लागतो. आमच्याकडे मी वार ठरवून टाकला. रविवारी जेवणानंतर मी आपणहून सगळं सांगणार, कुठे अर्ज केले, कोण काय म्हणालं, पैसे किती उरलेत. बाकी दिवस कुणी विचारायचं नाही. वडिलांनी पहिल्याच बुधवारी विचारलं. मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, ‘‘रविवारपर्यंत दम धरा की हो.’’