तोतयाने करून दिलेले खरेदीखत आणि दुय्यम निबंधकांची जबाबदारी

प्रश्न : आमचे वडील 2016 मध्ये वारले. आम्ही भावंडे पुण्यात असल्याने वारस नोंद राहून गेली आणि सातारा जिल्ह्यातील जिरायत जमिनीच्या सातबाऱ्यावर वडिलांचेच नाव राहिले. गेल्या दिवाळीत उतारा काढला, तेव्हा ऑक्टोबर 2023 मध्ये नोंदलेल्या खरेदीखताने ती जमीन एका परक्या माणसाच्या नावे झाल्याचे कळले. दस्तावर वडिलांचा म्हणून लावलेला फोटो कोणा अनोळखी इसमाचा आहे. नोंदणी कार्यालय सामील असल्याखेरीज हे घडणार नाही, अशी आमची खात्री आहे. दुय्यम निबंधकांवर दावा लावून जमीन आणि नुकसानभरपाई मिळेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या प्रश्नात जमीन परत मिळवणे आणि अधिकाऱ्याला जबाबदार धरणे अशा दोन गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ केल्यास पहिले काम विनाकारण रखडेल, म्हणून आधी अधिकाऱ्याविषयी लिहितो.

भारतात नोंदणी दस्ताची होते. विकणाऱ्याची मालकी खरी आहे, अशी हमी त्या नोंदणीतून शासन देत नाही. मात्र दस्त करून देणारा म्हणून समोर उभा असलेला माणूस तोच आहे, याची खात्री करून घेणे हे नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 34 नुसार दुय्यम निबंधकांचेच कर्तव्य आहे. व्यवहारात ही खात्री ओळखपत्राच्या प्रतीवर आणि ‘आम्ही यांना व्यक्तिशः ओळखतो’ असे सांगणाऱ्या दोन इसमांच्या सह्यांवर उरकली जाते. सात वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचा अंगठा दस्तावर घेतला जातो, तो या फटीतून.

तरीही कलम 86 नुसार, सद्भावनेने केलेल्या शासकीय कृतीबद्दल नोंदणी अधिकाऱ्यावर दावा चालत नाही. यातील ‘सद्भावना’ या शब्दाची व्याख्या सर्वसाधारण खंड अधिनियम, 1897 मध्ये आहे आणि ती आपल्याला गैरसोयीची आहे, कारण प्रामाणिकपणे केलेली कृती निष्काळजीपणाची असली तरी तिथे ती सद्भावनेची धरली जाते. म्हणजे अधिकाऱ्याने नीट पाहिले नाही, एवढे सिद्ध करून भागत नाही. त्याला ठाऊक होते आणि तरीही त्याने दस्त नोंदवला, हे दाखवावे लागते. मला ही तरतूद अन्यायाची वाटते. इंग्लंडमध्ये नोंदवहीतील चुकीमुळे नुकसान सोसणाऱ्याला 2002 च्या भूमी नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदणी खात्याकडून भरपाई मिळू शकते. आपल्याकडे शासन मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी घेते, पण तोतयाचा फटका मूळ मालकाच्या वारसांनाच सोसावा लागतो.

म्हणून ‘आमची खात्री आहे’ या वाक्याच्या जागी पुरावा उभा करा. कलम 57 खाली दस्ताची प्रमाणित नक्कल मिळते. ती सर्व जोडपत्रांसह मागा. फोटो, अंगठे, ओळखपत्राची प्रत, ओळख देणाऱ्यांची नावे आणि पत्ते बारकाईने पाहा. तेच ओळख देणारे त्याच कार्यालयातील इतर संशयास्पद दस्तांतही सापडले, किंवा कोणाची लेखी हरकत दप्तरी असताना दस्त नोंदला गेला असेल, तर संगनमताच्या आरोपाला वजन येते. असे काही हाती लागले, तरच अधिकाऱ्याला प्रतिवादी करा. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते आणि राज्य शासनालाही पक्षकार करावे लागते. कपटाची कृती शासकीय कामात मोडतच नाही, असा युक्तिवाद करता येतो, पण त्याच्या भरवशावर नोटीस टाळू नका. तातडीचा मनाई हुकूम हवा असल्यास, कलम 80(2) खाली न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीशिवाय दावा दाखल करता येतो.

जमिनीसाठीचा खरा दावा खरेदीदार, तोतया आणि ओळख देणारे यांच्याविरुद्ध आहे. नोंदलेले खरेदीखत दुय्यम निबंधक स्वतः रद्द करू शकत नाहीत. सत्यपाल आनंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये, एकदा नोंदलेला दस्त रद्द करण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याला नाही, असे म्हटले आहे. म्हणून तसे अर्ज करण्यात महिने घालवू नका. दस्त बनावट आणि प्रथमपासून शून्य असल्याची घोषणा, तो रद्द करणे, आणि ताबा गेला असल्यास ताबाही, अशा मागण्या दिवाणी न्यायालयात एकत्रच करा. ताबा गेलेला असताना केवळ घोषणा मागितली, तर दावा त्याच कारणाने फेटाळला जाऊ शकतो. दस्त शून्य असेल तर मुदतीचा प्रश्न येत नाही, असे कोणी सांगितले तरी, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल करणेच शहाणपणाचे. वडिलांचा मृत्यू दाखला हा आपला सर्वांत भक्कम कागद आहे.

पोलिसांत फिर्याद द्याच. दस्त 1 जुलै 2024 पूर्वीचा, म्हणजे नवी भारतीय न्याय संहिता लागू होण्याआधीचा असल्याने भारतीय दंड संहितेची कलमे 419, 467, 468 आणि 471 (तोतयेगिरीने फसवणूक, बनावट दस्त करणे आणि तो वापरणे) लागू होतील. तोतयेगिरी आणि तिला साहाय्य यांसाठी नोंदणी अधिनियमाच्या कलम 82 खाली, तर नुकसान करण्याच्या हेतूने जाणूनबुजून चुकीची नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कलम 81 खाली, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सह जिल्हा निबंधकांकडेही चौकशीचा अर्ज द्या. त्यातून निघणारा अहवाल पुढे उपयोगी पडू शकतो.

फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 247 खाली अपील करता येते. त्याची साठ दिवसांची मुदत उलटली असल्यास विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा. मात्र महसुली नोंदीने मालकी ठरत नसल्याने, या अपिलाच्या निकालासाठी दिवाणी दावा थांबवू नका.

दावा दाखल होताच आणखी एक काम त्याच आठवड्यात करा. महाराष्ट्रात मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 52 चे संरक्षण, म्हणजे दावा चालू असताना जमीन घेणाराही निकालाला बांधील राहावा हे संरक्षण, मिळण्यासाठी, दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावी लागते. ती नोंदवली नाही, तर आजचा खरेदीदार ही जमीन तिसऱ्याला विकून मोकळा होईल आणि आपल्याला त्या नव्या माणसाशी पुन्हा भांडत बसावे लागेल.