प्रश्न: मेंदूतल्या लहरी डोळ्यांसमोरचं दृश्य कसं जुळवतात? ४० हर्ट्झची (सेकंदाला ४० ठेक्यांची) लय क्लास लावून वाढवता येते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही, फी वाचवा. मी पुण्यात ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढतो. लोकांच्या डोक्याला पेस्ट लावून वायरी चिकटवायच्या, हे माझं रोजचं काम. त्यामुळे क्लासच्या जाहिरातीत '४० हर्ट्झ' वाचलं की डोकं फिरतं.

मूळ संशोधन मात्र खरं आहे. अलका चौकात लाल बस समोरून आली, की तिच्या रंगाचं काम मेंदूत एकीकडे चालतं आणि वेगाचं दुसरीकडे, तरी आपल्याला दिसते एकच बस. १९८९ मध्ये फ्रँकफर्टला वोल्फ सिंगर, चार्ल्स ग्रे आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या मेंदूत पाहिलं, की एकच लांब पट्टी डोळ्यांसमोरून सरकली की एकमेकींपासून दूर असलेल्या पेशी एका तालात, ४० हर्ट्झच्या आसपास चालतात. दोन तुटक पट्ट्या उलट दिशांना नेल्या की तो ताल जुळत नाही. त्यावरून कल्पना निघाली की एका वस्तूच्या पेशी एका ठेक्यात येतात.

आता आमचे साडू. त्यांनी मुलाला 'मेंदू विकास' शिबिरात घातलं आणि एका रविवारी कोथरूडला जेवणं झाल्यावर त्याच्या ईईजीच्या कागदांची फाइल उघडून माझ्यापुढे ठेवली. "बघा, गॅमा किती वाढलाय!"

गॅमा म्हणजे हीच ४० हर्ट्झच्या आसपासची जलद लय. बघितलं. कपाळापासून मागच्या टोकापर्यंत सगळ्या चॅनलवर, म्हणजे आलेखाच्या प्रत्येक ओळीवर, एकसारख्या उंचीच्या लहरी, कंगव्याच्या दातांसारख्या. एका सेकंदात मोजल्या, पन्नास भरल्या. ५० हर्ट्झ म्हणजे भिंतीतल्या बोर्डातली वीज हो, पोराचा मेंदू नव्हे! लॅपटॉप चार्जरवर असणार, अर्थिंग धड नसणार, आणि ही विजेची लहर गाळणारा नॉच फिल्टर बंद. कानशिलाजवळच्या चॅनलवर जी दाट काळी झुडपं होती ती दात आवळल्याची, म्हणजे स्नायूंची. 'डोळे मिटले' असं जिथं लिहिलं होतं तिथं मागच्या चॅनलवर अल्फाचा पत्ताच नाही. आणि डोळे मिटून निवांत बसलं की मागे उमटणारी ही ८ ते १३ हर्ट्झची लय माणसाचा ईईजी पहिल्यांदा काढणाऱ्या हान्स बर्गरनं १९२९ मध्येच छापून ठेवलीय.

साडू म्हणाले, "तुम्ही वायरी चिकटवणार, रिपोर्ट डॉक्टर लिहितात." लिहितात ना. पण त्यांच्यापुढे आलेख जायच्या आधी ही सगळी घाण कोण काढतं? शिबिराच्या त्या कागदावर तर कुठल्याच डॉक्टरची सही नव्हती.

हां, एक राहिलं. ताल जुळला म्हणून वस्तू एकसंध दिसते, हे सगळ्यांना मान्य नाही. शॅडलन आणि मोव्शन या मेंदूशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये त्यावर सडकून टीका केली. गॅमाची गती चित्राच्या ठळकपणाबरोबर बदलते, म्हणजे ४० हा काही मंत्राचा आकडा नाही. मेंदूशास्त्रज्ञ पास्कल फ्रीस यांची मांडणी मला जास्त पटते: समोरचा पेशीसमूह आपल्या लयीत ज्या क्षणी ऐकायला तयार असतो, त्या क्षणी पोचलेला संदेशच पुढे जातो. शिवाय डोळ्यांच्या बारीक हिसक्यांनीही ईईजीत खोटा गॅमा उमटतो, हे २००८ मध्ये दाखवलं गेलंय.

क्लासवाल्यानं आलेख पुढे केला तर छापील कागद घेऊ नका, मूळ डिजिटल फाइल मागा. फिल्टर त्यातच तपासता येतात. साडूंना हे तेव्हाच सांगितलं होतं. त्यांनी अजून मागितलेली नाही.