पेसमेकर बसवून दीड महिना झाला, तरी खांदा का ठणकतो?

तुमच्या लिहिण्यावरून समजलं ते असं: आईंचं वय ६८, मधुमेह आहे, डाव्या बाजूला पेसमेकर बसवून सहा आठवडे झाले. जखम भरली आहे, पण खांदा आणि दंड रात्री ठणकतो. पेसमेकरची हृदयात गेलेली तार सुटेल या धास्तीने हात अजून गळ्यात अडकवायच्या पाउचमध्येच आहे आणि दुखलं की कॉम्बिफ्लाम दिली जाते. तुमचा प्रश्न आहे की हे मशीनचंच दुखणं का आणि किती दिवस चालणार.

वर्णन वाचून मशीनपेक्षा त्या पाउचवर जास्त संशय येतो. पेसमेकर बसतो कॉलरबोनच्या खाली, बहुतेक वेळा कातडी आणि छातीच्या स्नायूच्या मधे केलेल्या खिशात. तिथलं दुखणं त्या चार बोटांच्या जागेतच राहतं आणि बोटाने दाबलं की वाढतं. दंडाच्या बाहेरच्या बाजूला ठणका, त्या कुशीवर झोपता न येणं, ब्लाउजची मागची हुकं लावायला हात न पोचणं, हे सगळं खांदा आखडल्याचं लक्षण आहे. मधुमेह असलेल्यांचा खांदा तर फार लवकर जाम होतो.

घरच्या घरी बघता येतं. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून काटकोनात ठेवायची, अंगठे वर, आणि दोन्ही हात दाराची फळी उघडावी तसे बाहेर न्यायचे. डावा हात उजव्यापेक्षा बराच कमी गेला आणि दुसऱ्याने हलकेच बाहेर नेऊनही अडला, तर सांध्याभोवतालचं आवरण आखडलंय असं समजायचं.

पथ्य काय होतं तेही नीट समजून घ्या, कारण डिस्चार्जच्या कागदावर ते एका ओळीत असतं आणि घरी येईपर्यंत त्याचं ‘हात हलवायचाच नाही’ असं होऊन बसतं. तारेचं टोक हृदयाच्या आतल्या भिंतीला बारीक स्क्रूने किंवा आकड्यांनी धरलेलं असतं. त्याभोवती पेशी वाढून ते पक्कं व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, चार-पाच किलोच्या वरचं वजन उचलायचं नाही आणि हाताला झटका द्यायचा नाही. वलणीवर कपडे टाकणं, पाण्याची बादली उचलणं, बसचा वरचा दांडा पकडणं हे त्यामुळेच बंद. खांद्याच्या खालच्या हालचाली मात्र पहिल्या दिवसापासून चालतात: जेवणं, बटणं लावणं, मूठ उघडझाप, कोपर वाकवणं. हात पूर्ण बांधून ठेवल्याने तारेला जादा संरक्षण मिळत नाही, खांदा मात्र जातो.

आता पाउच काढा. टेबलावर उजवा हात टेकून कमरेतून पुढे वाकायचं, डावा हात सैल सोडायचा आणि अंगाच्या झोक्याने हलू द्यायचा: पुढे-मागे १०, आडवा १०, लहान गोल १०. दिवसातून तीन वेळा. हात खांद्याच्या जोरावर हलवला तर उपयोग नाही, तो लोंबकळताच राहिला पाहिजे. वाकल्यावर चक्कर येत असेल तर खुर्चीत बसून करा. भिंतीवर बोटं चालवत हात वर नेणं हे पुढचं पाऊल. तपासणीत तारा जागेवर आहेत असं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते सुरू करू नका. व्यायामानंतर थोडा ताण जाणवला आणि अर्ध्या-एक तासात ओसरला तर ठीक. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा, पण बंद करू नका.

फिजिओथेरपिस्टकडे जाणार असाल तर पेसमेकर आहे हे पहिलं वाक्य असू द्या. आपल्याकडे खांदा दुखतोय म्हटलं की शेक आणि मशीन लावायची पद्धत आहे. शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे विद्युतलहरींनी आतपर्यंत शेक देणारं मशीन, पेसमेकरवाल्यांना अजिबात चालत नाही. टेन्स आणि आयएफटी ही करंटची मशीनंही हृदयाच्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नकोत. हाताने करून घेतलेले व्यायाम पुरेसे असतात.

आता गोळी. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असतं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, अंगात पाणी धरून ठेवतात आणि इकोस्प्रिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढवतात. हृदयरोग आणि मधुमेह असलेल्या ६८ वर्षांच्या बाईंना त्या मनाने देऊ नयेत. साधं पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसात तीनपेक्षा जास्त नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते हिशेबात धरा. ॲसिट्रोम किंवा वॉर्फेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि पॅरासिटामॉल रोजच लागत असेल तर डॉक्टरांना कळवा, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा) वर जाऊ शकतो. गोळी झोपायच्या तासभर आधी दिली तर रात्र बरी जाते. उताणं किंवा उजव्या कुशीवर झोपून डाव्या हाताखाली उशी घ्यायची, म्हणजे हात पुढे लोंबत नाही.

खिशाच्या जागीही थोडी ठसठस सहा आठवड्यांनी असू शकते, बारीक अंगकाठीच्या माणसांत जास्त. व्रणाच्या खाली बधिरपणा, मुंग्या किंवा कापड घासलं की आग होणं हे कातडीतल्या बारीक नसा कापल्या गेल्याने होतं. बहुतेकांना ते काही महिन्यांत कमी होतं, आणि नाहीच झालं तर नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात. पॅरासिटामॉलचा त्यावर फारसा उपयोग नाही. तोवर दाब टाळायचा. पदर डाव्याच खांद्यावर येतो, तेव्हा पिन आणि निऱ्यांची जाड घडी बरोबर व्रणावर बसत नाही ना ते बघा. ब्राचा पट्टा रुंद घ्या, खाली मऊ सुती कापडाची घडी ठेवा. गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसलं की सीटबेल्ट डाव्या खांद्यावरून येतो. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर तो उजव्या खांद्यावरून येतो, तिथे बसवा. बेल्ट न लावणं हा पर्याय नाही. त्या जागेवर तेल चोळणं, बाम, गरम पाण्याची पिशवी, हळदीचा लेप यातलं काहीही नको. मशीन बोटांनी चाचपत राहायची सवय लागते, तीही मोडा. त्याने ते खिशात फिरतं आणि तार ओढली जाते.

कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं तर मात्र वेगळा विचार करायचा. लाली, गरमपणा, सूज, पू, ताप, किंवा कातडी पातळ, चकचकीत, जांभळट होऊन मशीनला चिकटल्यासारखी दिसणं म्हणजे जंतुसंसर्ग असू शकतो. तो कित्येक महिन्यांनीही होतो आणि कधीकधी नुसतं दुखणं एवढीच त्याची सुरुवात असते. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात सुई घालून पाणी काढू देऊ नका, अँटिबायोटिकही परस्पर सुरू करू नका. जिथे पेसमेकर बसवला तिथेच त्याच दिवशी जा, कारण औषध आधी गेलं तर रक्ताच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत. पूर्ण हात सुजून निळसर झाला तर शिरेत गुठळी असू शकते, तेव्हाही त्याच दिवशी दाखवा. सतत उचकी लागणं किंवा पोटाचा-छातीचा स्नायू ठोक्यागणिक उडणं हे तार हलल्याचं किंवा सेटिंग बदलायला हवं असल्याचं लक्षण असतं. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम, दम, चक्कर किंवा श्वास घेताना तीव्र कळ असेल तर घरी काही तपासत बसू नका, १०८ ला फोन करा.

पुढच्या तपासणीला जाताना पेसमेकरचं ओळखपत्र, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि आठवड्याची छोटी नोंद न्या: दुखतं कुठे, कोणत्या हालचालीने, रात्री किती वेळा जाग आली. मशीनची तपासणी झाली की आई उठायच्या आत डॉक्टरांना खांद्याची हालचालही बघायला सांगा. त्या भेटीत बहुतेक सगळा वेळ मशीनलाच जातो आणि खांदा कुणी बघतच नाही.