अमेरिकेच्या संस्थापकांना बलवान केंद्र हवे होते की स्वायत्त राज्ये?

आपल्या प्रश्नात संस्थापक मंडळींचे या बाबतीत एकमत होते असे गृहीत धरलेले दिसते. प्रत्यक्षात १७८७ ते १७९१ या काळात ही माणसे याच मुद्द्यावर एकमेकांशी कडाडून भांडली आणि जेम्स मॅडिसनसारख्या अग्रणीची भूमिका तर याच वर्षांत पुष्कळच बदलली. म्हणून त्यांची अवतरणे गोळा करण्यापेक्षा ‘स्पष्टपणे’ या एका शब्दाचा माग काढावा, असे मला वाटते.

१७८१ मध्ये अमलात आलेल्या परिसंघाच्या करारनाम्यात, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या राज्यघटनेत, काँग्रेसला (केंद्रीय विधिमंडळाला) जे अधिकार ‘स्पष्टपणे’ सोपवलेले नाहीत ते सर्व राज्यांकडेच राहतील, असे दुसऱ्या कलमात नमूद केले होते. त्यातून जी दुबळी केंद्रसत्ता उभी राहिली, तिची अवस्था पैशाच्या व्यवहारात उघडी पडली. काँग्रेसला कर बसवता येत नव्हता. तिने राज्यांकडे हिस्सा मागायचा आणि राज्यांनी जमेल तेवढा द्यायचा. स्वातंत्र्ययुद्धाचे कर्ज फेडण्यासाठी आयात मालावर ५ टक्के शुल्क घ्यावे असा प्रस्ताव आला, परंतु करारनाम्यातील दुरुस्तीला तेराही राज्यांची संमती लागत असल्यामुळे चिमुकल्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने तो अडला. १७८६-८७ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेज याच्या नेतृत्वाखाली उठाव केला, तेव्हा तो मोडणाऱ्या फौजेसाठी बोस्टनच्या व्यापाऱ्यांना स्वतःच्या खिशातून पैसा उभा करावा लागला.

या अनुभवाने धास्तावलेले प्रतिनिधी १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना परिषदेसाठी जमले. राज्यांचा कोणताही कायदा रद्द करण्याचा अधिकार राष्ट्रीय विधिमंडळाला असावा, इथवर मॅडिसनची मजल गेली होती. ते परिषदेने मान्य केले नाही. मात्र नव्या घटनेत ‘स्पष्टपणे’ हा शब्द कुठेही आला नाही, उलट आपले अधिकार बजावण्यासाठी ‘आवश्यक आणि उचित’ असे कायदे करण्याची मुभा केंद्राला मिळाली. नव्या घटनेच्या विरोधकांचे नेमके यावरच बोट होते. जून १७८८ मध्ये, घटना स्वीकारायची की नाही हे ठरवणाऱ्या व्हर्जिनियाच्या परिषदेत, या विरोधकांपैकी पॅट्रिक हेन्री यांनी विचारले की, ‘आम्ही राज्ये’ म्हणण्याऐवजी ‘आम्ही लोक’ म्हणण्याचा अधिकार या मंडळींना कोणी दिला? कर आणि सैन्य दोन्ही एकाच दूरच्या सत्तेच्या हाती गेल्यावर तिच्या अधिकाराची सीमा कोण आखणार, ही त्यांच्या पक्षाची भीती मला आजही पोकळ वाटत नाही. तेव्हाही ती अनेकांना पटली होती: व्हर्जिनियाने घटना ८९ विरुद्ध ७९ मतांनी स्वीकारली, न्यूयॉर्कने अवघ्या ३० विरुद्ध २७ मतांनी.

या विरोधामुळेच १७८९ मध्ये मूलभूत हक्कांच्या दुरुस्त्या काँग्रेसपुढे आल्या. त्यांपैकी जी दहावी दुरुस्ती झाली, तिने केंद्राला न सोपवलेले आणि राज्यांना मना न केलेले अधिकार राज्यांसाठी किंवा लोकांसाठी राखून ठेवले. (भारतात हे शेषाधिकार कलम २४८ नुसार संसदेकडे आहेत, त्यामुळे आपल्याला हा मुद्दा उलट्या बाजूने पाहावा लागतो.) साउथ कॅरोलायनाचे थॉमस ट्यूडर टकर यांनी त्या मसुद्यात ‘स्पष्टपणे’ हा शब्द घालण्याची सूचना केली. मॅडिसन यांनी विरोध केला. बारीकसारीक प्रत्येक गोष्ट घटनेत लिहायची नसेल, तर काही अधिकार गर्भित मानावेच लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. सूचना फेटाळली गेली.

पुढे दोनच वर्षांत अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी राष्ट्रीय बँकेची योजना मांडली, तेव्हा असा अधिकार घटनेने केंद्राला दिलेलाच नाही, असे सांगत हेच मॅडिसन विरोधात उभे राहिले. बँक तरीही स्थापन झाली. तिची सनद संपल्यावर १८१६ मध्ये दुसरी बँक आली आणि तिच्यावर मेरीलँडने कर बसवल्यामुळे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८१९ चा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश जॉन मार्शल हे १७८८ च्या व्हर्जिनिया परिषदेत घटनेच्या बाजूचे प्रतिनिधी होते. बँक वैध ठरवताना त्यांनी दहाव्या दुरुस्तीचा मजकूर समोर ठेवला आणि करारनाम्यात असलेला तो शब्द इथे नाही, याकडे लक्ष वेधले.