भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी किती शुल्क लावू शकते?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, तासगावात राहते. सांगलीत विश्रामबागेतला माझा फ्लॅट दोन वर्षांपासून भाड्याने दिला आहे. सोसायटीचे बिल महिना २,५०० रुपये येते. त्यात सेवा शुल्क १,०००, पाणी-दुरुस्ती-सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी) मिळून १,००० आणि मी स्वतः तिथे राहत नाही म्हणून ‘बिनभोगवटा शुल्क’ ५००. हे ५०० मला मान्य नाहीत, म्हणून मी दरमहा २,००० रुपये न चुकता यूपीआयने पाठवते. तरी आता १४,७५६ रुपये थकबाकी दाखवली आहे आणि भरली नाही तर पाणी तोडू असे खजिनदार म्हणतात. काय करू?

उत्तर : ताई, आधी धीर धरा. एवढी रक्कम तुम्ही देणे लागत नाही. पण ‘यातले काहीच देणार नाही’ ही तुमची भूमिकाही टिकणार नाही.

राज्य शासनाने सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली १ ऑगस्ट २००१ रोजी काढलेल्या आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हे दहा टक्के वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, ऑफिसखर्च अशा सेवा शुल्कावरच धरायचे, सगळ्या बिलावर नाही. तुमच्या बाबतीत ते होतात महिना १०० रुपये. सर्वसाधारण सभेने ५०० चा ठराव केला असला तरी तो या आदेशापुढे टिकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ही मर्यादा उचलून धरली आहे.

आता व्याज. तुमचा आकडा मी मांडून पाहिला. थकलेल्या ५०० वर दरमहा पावणेदोन टक्के, म्हणजे वर्षाला २१ टक्के, आणि तेही व्याजासकट शिलकीवर धरले की २४ महिन्यांत बरोबर १४,७५६ होतात. आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीत, २१ टक्के ही कमाल मर्यादा आहे आणि व्याज सरळ आहे. तुमच्या सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधीत दर काय आहे ते पाहा. तुमचे देणे २१ टक्क्यांनी धरले तरी मुद्दल २,४०० आणि व्याज ४८३, एकूण २,८८३ रुपये.

एका गोष्टीकडे मात्र सदस्यांचे हमखास दुर्लक्ष होते. तुमचे २,००० आले की खजिनदार ते आधी व्याजात आणि जुन्या बाकीत वळते करतात आणि चालू बिल तेवढे अपुरे राहते. मग नावाला सरळ व्याज, पण वसुली चक्रवाढीची. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ५९ सांगते की पैसे कोणत्या देण्यापोटी आहेत हे देणाऱ्याने सांगितले आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले, तर तिथेच जमा धरावे लागतात. तुम्ही काहीच सांगितले नाही तर कलम ६० प्रमाणे निवड सोसायटीची. पण तीही कायदेशीर देण्यापुरतीच, आणि १०० च्या वरचे ४०० त्यात येत नाहीत. म्हणून यापुढे यूपीआयच्या शेऱ्यात ‘जून २०२५ चे चालू बिल’ असे महिन्यासह लिहा आणि तेच सचिवांना पत्राने किंवा ई-मेलने कळवा.

सदस्यवार खतावणीतला तुमच्या खात्याचा उतारा लेखी अर्ज करून मागा, तो तुमचा हक्क आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. २,८८३ रुपये हिशेबाच्या पत्रासोबत आत्ताच भरा. पुढे दरमहा २,१०० भरत राहा. पूर्ण बिल अडवून धरू नका, तसे केलेत तर खरोखरच थकबाकीदार ठराल.

पाणी तोडण्याचा अधिकार खजिनदारांना नाही. वसुलीसाठी सोसायटीला सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे वसुली दाखला मागता येतो. धमकी लेखी आली तर जपून ठेवा. तोंडी आली असेल तर ‘अमुक तारखेला आपण असे म्हणालात’ असे पत्र लगेच द्या.

पंधरा दिवसांत दुरुस्त हिशेब आला नाही तर तालुक्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार करा. सांगली शहर मिरज तालुक्यात मोडते. रकमेचा वाद तिथे मिटला नाही तर कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे. आणि वसुली दाखल्याची नोटीस आलीच, तर सुनावणी चुकवू नका. खतावणीचा उतारा, यूपीआयच्या नोंदी आणि पोच घेतलेली पत्रे घेऊन स्वतः हजर राहा.