तुझी इंदुरी मराठी धुऊन काढू नकोस

अगं ऐक,

तुझ्या पॉडकास्टचा पहिला एपिसोड दोनदा ऐकला. विषय मस्त, मेहनतपण दिसते, पण त्यात बोलणारी तू नाहीयेस. इथे इंदूरला राजवाड्यावर माझ्याशी गप्पा मारताना कशी बोलतेस आणि माइक समोर आला की एकदम बातम्या वाचल्यासारखी का होतेस? पुण्याची भावंडं हसतात म्हणून ना. मलापण हसायचे. अगं, होळकरांच्या काळापासून आपली माणसं माळव्यात राहतात, मग मराठीत हिंदी येणारच, त्यात लाजायचं काय आहे.

आणि हे फक्त तुझ्या बोलण्याबद्दल नाही सांगत. जी स्वतःची भाषा धुऊन घेते ती समोरच्या बाईचीपण धुते. मी केलंय हे. आपली हुकुमचंद कापड मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद झाली, मी तेव्हा नवीनच लागले होते पेपरात, तर एका कामगाराच्या बायकोकडे गेले. ती म्हणाली, "हे परत आले तर डबा तसाच भरलेला, मी काही विचारलंच नाही, सीधी शिलाईची मशीन काढली नि पुसायला बसले." आणि मी काय लिहिलं? "त्यांनी मोठ्या धैर्याने परिस्थितीला तोंड दिले." डबा गेला, मशीन गेली, बाईच गेली त्यातून. साहेबांनी शाबासकी दिली. तिने मुलीकडून वाचून घेतलं, काही बोलली नाही, चहा टाकला. तो चहा अजून आठवतो मला.

त्या मिलच्या कामगारांचे थकलेले पैसे सुटायला 25 डिसेंबर 2023 उजाडला, 224 कोटी, 4800 च्या आसपास कामगार. मधली 32 वर्षं घरं कोणी चालवली? कोणी पापड लाटले, कोणी लोकांकडे पोळ्या केल्या, कोणी रात्री दोनपर्यंत फॉल-पिको. परदेशीपुरा, नंदानगर, मिलवाल्यांच्या वस्त्यांत जा, आत्ताच जा, सत्तरीच्या पुढे गेल्यात त्या सगळ्या.

"तुम्हाला कसं वाटलं" असलं नको विचारूस, त्याला सगळ्या "ठीकच होतं" म्हणतात. दिवसाला किती ब्लाउज व्हायचे, शिलाई काय घ्यायच्या, पैसे कुठल्या डब्यात लपवायच्या, हे विचार, मग बघ कशा बोलतात. काका शेजारी बसून मधेमधे उत्तरं देतीलच, तर आधी पंधरा मिनिटं त्यांचंच रेकॉर्ड कर, मनापासून कर, त्यांचंपण आयुष्य गेलंय त्यात, मग म्हण आता काकूंचं. पंखा बंद कर, कुकरच्या शिट्ट्या राहू दे. त्या गप्प झाल्या तर तू लगेच बोलू नकोस, तुझ्या रेकॉर्डिंगमधे तू तीन ठिकाणी समोरच्या बाईला तोडलंयस, मी मोजलं. आणि टाकायच्या आधी त्यांना ऐकव, एखादी गोष्ट काढ म्हणाल्या तर काढायची, कितीही भारी असली तरी.

खबर लहरिया माहितीये ना? 2002 मधे चित्रकूटला सुरू झालेला, गावातल्या बायकांनी चालवलेला पेपर, तोपण बुंदेलीत. बायका आपल्याच बोलीत बातमी लिहीत होत्या नि गाव वाचत होतं. तू मात्र "सीधी" खोडून "थेट" करतेस.

पहिला एपिसोड पुन्हा नव्याने कर. रविवारी ये घरी, त्या डब्यावाल्या काकूंच्या मुलीला फोन केलाय मी, आई अजून मशीनवर बसते म्हणाली.

तुझी ताई